‘रिनाउन’ आणि १९२१ चा नोव्हेंबर

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही स्नेह्यांनी मला थोड्या नवलानेच विचारले की, बऱ्हाणपूरच्या ग्रंथालयात एका इंग्रजी युद्धनौकेवर बोलण्याचे प्रयोजन काय? समुद्र इथून शेकडो मैल दूर. आपल्या गावाची कीर्ती किल्ल्याची, कुंडी भंडाऱ्याची, विणकरांच्या मागांची. आपण युद्धनौकेशी काय देणे लागतो? प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्या वेशीवरून वाहणारी तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि या नदीच्या वाटेनेच समुद्राची बातमी या गावाला फार पूर्वीपासून कळत आली आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेजवळ जहाजातून उतरला आणि बादशहाच्या भेटीस अजमेरकडे निघाला. वाटेत नोव्हेंबर महिन्यात तो ज्या गावी थांबला आणि शहाजादा परवेझच्या दरबारात उभा राहिला, ते गाव बऱ्हाणपूर. त्या वेळी इंग्रज शहाजाद्याच्या पायरीशी उभा होता. त्यानंतर ३०६ वर्षांनी, पुन्हा एका नोव्हेंबरात, इंग्रजांचाच एक शहाजादा जहाजातून मुंबईला उतरला. मला बोलायचे आहे ते त्या जहाजाविषयी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्याने काय केले, आणि ते मुंबईच्या बंदरात उभे असताना किनाऱ्यावर काय घडले, याविषयी.

प्रथम शब्दांविषयी दोन शब्द. मराठीच्या शिक्षकाला तेवढी सवलत असावी. ‘आरमार’ हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. परंतु एकदा आल्यावर तो इतका आपला झाला की, रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांच्या बरोबरीने आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा, गलबते, तरांडी यांची तेथे व्यवस्था लावून दिलेली आहे. आणि त्या प्रकरणातील एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असे. आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे खरे, पण रयतेने ही झाडे लेकरांसारखी वाढविलेली असतात, म्हणून ती बळाने तोडू नयेत. झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन तोडावे, अशा अर्थाची सूचना तेथे आहे. नौका बांधताना किनाऱ्यावरच्या माणसाचे काय होते हा विचार ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ डोळ्यांपुढे ठेवून मी आजचा विषय पाहणार आहे.

आता ‘रिनाउन’. या शब्दाचा अर्थ कीर्ती. काटेकोर बोलायचे तर ही ‘बॅटलशिप’ नव्हे, ‘बॅटलक्रूझर’. तोफा बॅटलशिपच्या, वेग क्रूझरचा, आणि या दोहोंची किंमत चिलखतातून वसूल केलेली. १९१४ च्या डिसेंबरात फॉकलंड बेटांजवळच्या लढाईत अशा वेगवान नौकांनी जर्मन पथक बुडविले. त्या विजयाने हुरळून जाऊन लॉर्ड फिशर या वृद्ध आरमारप्रमुखाने अशाच आणखी दोन नौका तातडीने बांधावयास घेतल्या. वेग हेच चिलखत, असा त्यांचा सिद्धान्त. २५ जानेवारी १९१५ रोजी स्कॉटलंडमधील गोव्हन येथे फेअरफिल्ड कंपनीच्या गोदीत ‘रिनाउन’चा तळ घातला गेला, ४ मार्च १९१६ रोजी ती पाण्यात सोडली गेली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती सेवेत रुजू झाली. लांबी ७९४ फूट, वेग ताशी ३२ सागरी मैल, आणि १५ इंची व्यासाच्या सहा तोफा. यातील एकेका गोळ्याचे वजन सुमारे ८७० किलो. मात्र कमरेचे चिलखत जेमतेम ६ इंच.

ती रुजू होण्याच्या आधीच, ३१ मे १९१६ रोजी जटलंडची लढाई झाली. तीत ‘क्वीन मेरी’, ‘इन्डिफॅटिगेबल’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर स्फोटाने फुटल्या आणि तीन हजारांहून अधिक खलाशी क्षणांत गेले. वेग हे चिलखत नव्हे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. परिणामी ‘रिनाउन’ ताफ्यात येताच अधिक पोलाद चढविण्यासाठी तिला परत गोदीत पाठविण्यात आले. पुढेही तिच्या व तिची जोडीदार ‘रिपल्स’ हिच्या दुरुस्त्या इतक्या वारंवार होत राहिल्या की खलाशांनी त्यांना ‘रिफिट’ आणि ‘रिपेअर’ अशी टोपणनावे दिली. महायुद्ध संपले तेव्हा ‘रिनाउन’ने शत्रूवर एकही गोळा झाडलेला नव्हता.

मग अशा नौकेचे शांततेच्या काळात करावयाचे काय? साम्राज्याने उत्तर शोधले: ती दाखवावी. १९१९ साली युवराज एडवर्ड, म्हणजे त्या काळचे प्रिन्स ऑफ वेल्स, तिच्यातून न्यू फाउंडलंड व कॅनडाच्या दौऱ्यास गेले आणि पुढे अमेरिकेतही जाऊन आले. १९२० साली ती पनामा कालव्यातून त्यांना न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाला घेऊन गेली. या कामासाठी तिच्यात फेरफार करण्यात आले. काही दुय्यम तोफा काढून तेथे पाहुण्यांच्या खोल्या आणि फेरफटक्याचे सज्जे केले. दोन धुराड्यांच्या मध्ये एक दालन उभारले, त्याच्या एका बाजूस चित्रपटगृह आणि दुसऱ्या बाजूस स्क्वॉश खेळण्याची जागा. माझ्या मते या नौकेच्या आरंभीच्या चरित्रातला सर्वांत बोलका तपशील हाच आहे. तोफ उतरवून तेथे चेंडू खेळण्याची सोय करावी, आणि तरीही बंदरात शिरताना उरलेल्या सहा तोफांची तोंडे सर्वांना दिसतील असे पाहावे! धाक आणि आदरातिथ्य एकाच पोलादी भांड्यात घालून जगभर फिरविण्याचा हा प्रकार होता. नाव तरी नवे कोठे होते? याच नावाची आधीची एक युद्धनौका १९०५ च्या नोव्हेंबरात या युवराजांच्या पित्याला, म्हणजे पुढच्या पाचव्या जॉर्जला, मुंबईस घेऊन आली होती. त्या दौऱ्यात त्यांनी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसविली. सोळा वर्षांनी मुलगा त्याच नावाच्या नौकेतून आला.

२६ ऑक्टोबर १९२१ रोजी ‘रिनाउन’ पोर्ट्स्मथहून निघाली. माल्टा, सुएझ, एडन असा तिचा मार्ग. ती समुद्रात असतानाच, १२ नोव्हेंबर रोजी, अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे एक परिषद सुरू झाली. तेथे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स ह्यूजेस यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की, मोठ्या युद्धनौका बांधण्याची ही स्पर्धा आता थांबविली पाहिजे. दहा वर्षे नवी नौका नको, आणि बांधत असलेल्या व जुन्या कित्येक नौका मोडून टाकाव्यात. त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेची ‘मेरिलंड’ ही १६ इंची तोफांची युद्धनौका सेवेत रुजू झाली होती आणि तिच्या बहिणी गोदीत तयार होत होत्या. खर्चाचा हा वेग कोणालाच पेलणारा नव्हता. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी करार झाला. ब्रिटन आणि अमेरिका प्रत्येकी ५ लाख २५ हजार टन, जपान ३ लाख १५ हजार. म्हणजे पाच, पाच, तीन. मेरिलंडची एक बहीण, ‘वॉशिंग्टन’ याच नावाची, तीन चतुर्थांश बांधून झालेली असताना थांबविली गेली आणि १९२४ साली अमेरिकन आरमाराने स्वतःच तिला नेमबाजीचे लक्ष्य करून बुडविले. या कराराने ‘रिनाउन’चे नशीब मात्र उजळले. नवे बांधता येत नाही म्हटल्यावर असलेले जपणे आले. या परिषदेत ब्रिटिश साम्राज्याच्या शिष्टमंडळात हिंदुस्थानच्या वतीने श्रीनिवास शास्त्री बसले होते. ज्या देशाला स्वतःची एक लढाऊ नौका ठेवण्याची मुभा नव्हती, आणि जो ब्रिटिश आरमाराला दरवर्षी एक लाख पौंड देत होता, त्या देशाची सही जगाच्या युद्धनौकांच्या वाटणीवर घेतली गेली! इतिहासालाही विनोदबुद्धी असते.

परिषद सुरू झाल्यानंतर पाच दिवसांनी, गुरुवार १७ नोव्हेंबर १९२१ रोजी, ‘रिनाउन’ मुंबईच्या बंदरात नांगर टाकून उभी राहिली. अपोलो बंदरावर युवराज उतरले. आज आपण ज्याला ‘गेट वे’ म्हणतो ती कमान तेव्हा पुरी झालेली नव्हती; तिचे उद्घाटन १९२४ च्या डिसेंबरात व्हायचे होते. स्वागताला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड. युवराजांच्या परिवारात २१ वर्षांचा एक नौदल अधिकारी होता, लुई माउंटबॅटन नावाचा. पुढे १९४७ साली तो याच देशात शेवटचा व्हाइसरॉय म्हणून आला, हे सांगावयास नकोच.

काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. त्याच दिवशी सकाळी गांधीजी मुंबईत दाखल झाले आणि परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात विदेशी कापडाची होळी पेटली. कापडाच्या गावात बसून आपण ही गोष्ट ऐकत आहोत, तेव्हा त्या होळीचा अर्थ मी वेगळा सांगायला नको. अनेक पेठा बंद होत्या, गिरण्यांतील कामगार रस्त्यावर होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत येथेच वाक्य संपते: युवराजांचे स्वागत ओस रस्त्यांनी झाले. मला आज मुद्दाम हे वाक्य पुढे न्यायचे आहे, कारण त्या दिवसाची मुंबई त्या वाक्यात मावत नाही.

स्वागताला जाऊन घरी परतणाऱ्या लोकांना जमावाने गाठले. त्यांत पारशी होते, ख्रिस्ती होते, यहुदी होते, युरोपीय होते. डोक्यावरची विलायती टोपी हिसकावणे येथून सुरुवात झाली आणि मारहाण, ट्रामगाड्यांची मोडतोड, दारूच्या दुकानांची जाळपोळ येथवर गोष्ट गेली. पोलीस मारले गेले. दुसऱ्या दिवशी पारशी आणि ख्रिस्ती वस्त्यांतून उलट हल्ले झाले आणि खादीची टोपी घातलेला माणूस त्या वस्त्यांत सापडला तर त्याची धडगत राहिली नाही. सैन्य आणि पोलीस यांच्या गोळीबारात आणखी माणसे पडली. चार-पाच दिवसांत पन्नासाहून अधिक लोक मेले, शेकडो जखमी झाले. बहिष्कार पुकारणारे हिंदू-मुसलमान त्या दिवसांत एक होते, आणि त्यांच्या एकीचा मार इतरांच्या पाठीवर पडला, हे कटू सत्य आहे. सरोजिनी नायडू जमावांना शांत करीत रस्त्यांतून फिरत होत्या. गांधीजींनी स्वतः हे दृश्य पाहिले. या दोन दिवसांत जे स्वराज्य पाहिले ते आपल्याला सहन होत नाही, अशा आशयाचे त्यांनी जाहीरपणे लिहिले, आणि १९ तारखेस उपोषण आरंभिले. सर्व जमातींचे पुढारी एकत्र आल्यावर २२ तारखेस ते सुटले. पुढे दर सोमवारी २४ तास उपवास करण्याचे व्रत त्यांनी घेतले. २३ तारखेस बारडोलीत सुरू व्हावयाचा सामुदायिक कायदेभंग लांबणीवर पडला. पुढल्या फेब्रुवारीतील चौरीचौऱ्याची गोष्ट आपण सारे जाणतो; पण तिची पहिली घंटा मुंबईत वाजली होती.

यातील पारशांविषयी थोडे अधिक बोलावेसे वाटते. ज्या ब्रिटिश आरमाराची नौका समोर उभी होती, त्याच आरमारासाठी शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी कारागिरांनी सागवानी युद्धनौका बांधल्या होत्या. १८१० सालची ‘मिन्डेन’ त्यांची, १८१७ सालची ‘त्रिंकोमाली’ही त्यांचीच. ही ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. या समाजाने इंग्रजाशी नाते जोडले ते नुसत्या लाचारीने नव्हे, तर हातातल्या कसबाने. त्यांच्यातले काही स्वागताला गेले असतील, तर त्यांच्या मताशी भांडावयास हरकत नव्हती. टोपीवरून माणूस ओळखून त्याला झोडणे ही गोष्ट निराळी. आणि हे भांडण पारशी समाजाच्याही आत होतेच. दादाभाईंचा वारसा सांगणारे, खादी नेसणारे पारशीही त्या मुंबईत होते. जमावाला असे बारकावे दिसत नाहीत.

दुसरी एक बाजू आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये. मुंबईत दंगल धुमसत असताना, १९ नोव्हेंबर रोजी, युवराज पुण्यात होते. तेथे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकाराने त्यांच्या हस्ते शिवछत्रपतींच्या स्मारकाची आणि महायुद्धात पडलेल्या मराठा सैनिकांच्या स्मारकाची कोनशिला बसली. मेसोपोटेमियात, कूतच्या वेढ्यात, मराठा पलटणींनी जे सोसले त्याची आठवण तेव्हा ताजी होती. ज्या पलटणींनी हे सोसले, त्यांच्या घरची माणसे त्या समारंभाकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर केसरीवाड्यातील नजरेहून वेगळी असणार हे उघड आहे. शाहू महाराजांचा हिशेबही साधा नव्हता. ब्रह्मवृंदाच्या हाती राजकारण असताना बहुजन समाजाने कोणाच्या पंक्तीला बसावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पुढे सहा महिन्यांच्या आत, ६ मे १९२२ रोजी, महाराजांचे निधन झाले. शिवरायांचा तो अश्वारूढ पुतळा, शिल्पकार करमरकरांनी घडविलेला, १९२८ साली उभा राहिला. ज्या राजाने स्वतःचे आरमार उभारले, त्याच्या स्मारकाचा पहिला दगड परक्या युद्धनौकेतून आलेल्या पाहुण्याने बसवावा, यात जो विसंवाद आहे तो मला बोचतो. पण महाराजांना तो दिसला नसेल असे मानण्याइतका मी भोळा नाही.

युवराज पुढे चार महिने देशभर हिंडले. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या मराठी संस्थानांत राजेशाही थाट झाला. अलाहाबादेस १२ डिसेंबरला रस्ते निर्मनुष्य होते. मोतीलाल आणि जवाहरलाल त्याआधीच तुरुंगात गेले होते. आपल्या निमाडचे माखनलाल चतुर्वेदीही त्याच वर्षी राजद्रोहाखाली पकडले गेले. युवराज शिकार आणि पोलो यांत रमले, असे त्या दौऱ्याच्या वर्णनांतून दिसते. ‘रिनाउन’ मात्र किनाऱ्याने कराचीकडे गेली. १७ मार्च १९२२ रोजी कराचीहून युवराजांना घेऊन तिने नांगर उचलला. दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. या दोन तारखा कोणी ठरवून जुळविल्या नसतील, तथापि एका पानावर लिहून पाहाव्यात अशा आहेत.

कराचीहून ती पूर्वेकडे मलाया, हाँगकाँग आणि एप्रिलमध्ये जपानला पोचली. यजमानांच्या मनात काय असेल याची कल्पना करता येते. इंग्लंड-जपान यांची वीस वर्षांची मैत्री नुकतीच वॉशिंग्टनच्या टेबलावर विसर्जित झाली होती आणि पाच-पाच-तीनचे प्रमाण जपानच्या गळी उतरविले गेले होते. तरी मेजवान्या झाल्या. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्यापाशी जपानी विमानांनी दोन ब्रिटिश नौका एकाच दिवशी बुडविल्या. एक होती ‘रिनाउन’ची जोडीदार ‘रिपल्स’. दुसरीचे नाव ‘प्रिन्स ऑफ वेल्स’. आठशेहून अधिक माणसे गेली.

‘रिनाउन’चे पुढचे थोडक्यात सांगतो. १९२७ साली तिने ड्यूक ऑफ यॉर्क यांना ऑस्ट्रेलियास नेले. कॅनबेरा येथील नव्या संसदगृहाच्या उद्घाटनाचा तो प्रसंग. पाहुण्यांसाठी केलेली ती दालने त्यापूर्वीच काढून टाकली गेली होती आणि अंगावर अधिक जाड चिलखत चढले होते. १९३६ ते १९३९ या काळात तर तिला जवळजवळ नव्याने बांधून काढले. शत्रूवर तिने आपल्या मोठ्या तोफा प्रथम झाडल्या त्या ९ एप्रिल १९४० रोजी, नॉर्वेच्या वादळी समुद्रात, दोन जर्मन युद्धनौकांवर. म्हणजे जन्मानंतर चोवीस वर्षांनी. या चोवीस वर्षांत तिच्या नावावर जमा असलेली जीवितहानी शोधू गेल्यास ती समुद्रावर सापडत नाही. तिचे कोणी खलाशी मुंबईच्या त्या माणसांच्या मृत्यूला जबाबदार होते असे मी म्हणत नाही. नौका तर बंदरात निश्चल उभी होती. परंतु ती ज्यासाठी आणली होती, म्हणजे पाहणाऱ्यांची विभागणी स्वागत करणारे आणि न करणारे अशी करण्यासाठी, ते काम तिने एकही गोळा न झाडता केले. आणि आपल्याच माणसांनी ती विभागणी रस्त्यावर पुरी केली. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याखेरीज १७ नोव्हेंबरचे वर्णन खरे होत नाही, एवढाच माझा आग्रह आहे. ज्या गावात दर्गा-ए-हकीमी आहे, गुरुद्वारा आहे, जैनांची मंदिरे आहेत आणि विणकरांचे मोहल्ले आहेत, त्या गावच्या ग्रंथालयात हा आग्रह धरणे मला अप्रस्तुत वाटत नाही.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी गेट वे ऑफ इंडियाच्या कमानीखालून जहाजाकडे गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘रिनाउन’ स्कॉटलंडमधील फासलेन येथे मोडीत काढण्यासाठी ओढत नेली गेली. आणि त्याच वर्षी, १९३९ साली प्लेट नदीच्या मुखापाशी लढलेली ‘अकिलीस’ ही क्रूझर स्वतंत्र हिंदुस्थानने ब्रिटनकडून घेतली, तिचे नाव ‘दिल्ली’ ठेवले, आणि सप्टेंबरात ती मुंबईच्या बंदरात येऊन उभी राहिली.